नागपूरच्या घरासाठी लाकूड: साग की साल, आणि त्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेसा भागात घराचं बांधकाम स्लॅबपर्यंत आलंय. मुख्य दार, आतली दारं, सहा जणांचं जेवणाचं टेबल, देवघर आणि पलंग एवढं लाकूडकाम करायचंय. ठेकेदार मलेशियन साल (साल वृक्षाच्या नावानं विकलं जाणारं आयात लाकूड) घ्या म्हणतो, दुकानदार आफ्रिकन सागाचा भाव सांगतो आणि वाढई, म्हणजे सुतार, सीपी (जुन्या मध्य प्रांतातल्या) सागाशिवाय बोलायलाच तयार नाही. आधीच्या घरात मुख्य दार पावसाळ्यात अडकायचं आणि टेबलाची फळी उन्हाळ्यात उभी चिरली, म्हणून या वेळी ‘सगळ्यात मजबूत’ लाकूड कोणतं ते सांगा, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय काटोलकडे वडिलांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सागाची झाडं आहेत, ती वापरता येतील का, हेही विचारलंय.

सुरुवात तुमच्याच दोन तक्रारींपासून करतो. दार अडकलं आणि फळी चिरली, यात लाकूड कमजोर पडलं असं कुठेही झालेलं नाही. दाराला आणि टेबलाला जेवढा भार सोसावा लागतो, तेवढा बाजारातलं जवळजवळ प्रत्येक लाकूड सोसतं. तुमचं लाकूड हललं. पावसाळ्यात फुगलं, उन्हाळ्यात आकसलं आणि त्याला हलायला जागा नव्हती. त्यामुळे तुम्हाला मजबूत लाकूड शोधायचं नसून कमी हलणारं, नीट वाळलेलं आणि त्या त्या जागेला सोसणारं लाकूड शोधायचं आहे. साग की साल हा प्रश्न त्यानंतर येतो.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली जुडी. झाड उभं असताना या नळ्यांत आणि त्यांच्या भिंतींत पाणी असतं. कापल्यावर आधी नळ्यांमधलं मोकळं पाणी जातं आणि त्यात आकार बदलत नाही. ओलावा साधारण 28–30 टक्क्यांच्या खाली आला की भिंतींमधलं पाणी निघायला लागतं आणि तिथून पुढे लाकूड आकसू लागतं. ओलाव्याचा टक्का म्हणजे पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत पाण्याचं वजन. एकदा वाळलं म्हणजे संपलं असंही नाही. हवेत दमटपणा वाढला की लाकूड ते पाणी परत घेतं आणि फुगतं. हे आयुष्यभर चालू राहतं, शंभर वर्षं जुन्या लाकडातसुद्धा.

नागपुरात हे चढउतार फार मोठे आहेत. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास, कडक दिवसांत त्याहूनही खाली येते. ऑगस्टमध्ये तीच 80 टक्क्यांच्या वर असते. मे महिन्यातल्या हवेत उघडं पडलेलं लाकूड 4–5 टक्के ओलाव्यापर्यंत उतरू शकतं आणि ऑगस्टच्या हवेत बराच काळ राहिलं तर 17–18 टक्क्यांपर्यंत चढू शकतं. घरात, पॉलिश केलेल्या लाकडात हा फरक कमी होतो, पण 6 ते 13 टक्के एवढी झेप मी गृहीत धरूनच काम करतो. मुंबईत किंवा कोकणात हवा वर्षभर दमट, म्हणून तिथलं लाकूड आपल्याइतकं हलत नाही. त्यामुळे मुंबईहून आणलेलं सुंदर फर्निचर पहिल्याच उन्हाळ्यात इथे आवाज करत फाटतं. त्यात बनवणाऱ्याची चूक असतेच असं नाही. ते त्या हवेसाठी बनलेलं असतं.

त्यात आपल्या कूलरची भर. एप्रिल ते जून ज्या खोलीत कूलर चालतो, तिथली हवा दिवसभर ओली असते आणि आठवडाभर बाहेरगावी गेलात की तीच खोली भट्टीसारखी कोरडी होते. म्हणजे एकाच उन्हाळ्यात लाकडाला दोन ऋतू सोसावे लागतात. कूलरच्या झोताच्या रेषेत जेवणाचं टेबल किंवा भरीव लाकडाचं कपाट ठेवू नका. आणि कूलर बसवायची खिडकी कोणती ते आत्ताच ठरवा. त्या खिडकीच्या खालच्या लाकडी पट्टीवर तीन-तीन महिने पाणी झिरपतं आणि ती आतून कुजते. तिथे कूलरला बाहेरून लोखंडी स्टँड आणि चौकटीपासून थोडं अंतर ठेवलं की हा त्रास संपतो.

आता हे हलणं किती आणि कुठल्या दिशेनं, ते बघू, कारण सगळा निर्णय इथेच लागतो. लांबीच्या दिशेनं लाकूड जवळजवळ हलत नाही. सात फुटांची पट्टी सात फुटांचीच राहते. हलतं ते रुंदीत, आणि तेही फळी लठ्ठ्यातून कशी चिरली यावर. फळीच्या टोकाकडून बघा. वर्षवलयांच्या रेषा फळीच्या रुंदीला समांतर, चापासारख्या वळलेल्या दिसत असतील तर ती आडवी चिरलेली फळी. तिच्या तोंडावर डोंगरासारखी नक्षी येते, दिसायला फार देखणी, पण जास्त हलते आणि वाटीसारखी वळते. टोकाकडून रेषा उभ्या, जाडीच्या दिशेनं दिसत असतील तर तोंडावर सरळ समांतर रेघा येतात. ही फळी जवळपास निम्मीच हलते. सागाचा हिशोब सांगतो. तीन फूट रुंदीचं टेबल, आडवी चिरलेली फळी, 6 ते 13 टक्के ओलाव्याचा फरक: रुंदी जवळजवळ 12 मिलिमीटरनं बदलते, म्हणजे वाढयाच्या भाषेत चार सूत. तेच टेबल उभ्या रेघांच्या फळ्यांचं असेल तर दोन सूत. आणि हे सागाचं झालं, जो सगळ्यात शांत लाकडांपैकी आहे. सालाचं लाकूड याहून बरंच जास्त हलतं.

तुमच्या टेबलाची फळी का चिरली असेल, याचा माझा अंदाज आता तुमच्या लक्षात आला असेल. खालच्या चौकटीला फळी चारही बाजूंनी स्क्रूनं आणि फेव्हिकॉलनं पक्की केली असणार. उन्हाळ्यात तिला चार सूत आकसायचं होतं, चौकट आकसू देत नव्हती, मग जिथे कमजोर जागा सापडली तिथे ती फाटली. यावर जास्त मजबूत लाकूड हा उपाय नाही. मजबूत लाकूड फक्त जास्त मोठा आवाज करून फाटलं असतं. उपाय असा की फळी खालच्या चौकटीत खाच करून लाकडी गुटक्यांनी धरायची, किंवा स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट करायची, म्हणजे स्क्रू धरून ठेवतो आणि फळी सरकू शकते. वाढयाला हे आधीच सांगा, आणि काम होताना टेबल उलटं करून स्वतः बघा. ही एक गोष्ट टेबलाचं आयुष्य ठरवते.

दाराचंही तसंच. जुन्या वाड्यांची दारं बघितलीत तर त्यात उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट आणि मध्ये खाचेत बसवलेले दिलहे, म्हणजे फळीचे चौकोनी तुकडे, दिसतात. दिलहा खाचेत मोकळा असतो, त्याला सरस लावलेला नसतो. तो मधल्या मध्ये फुगतो-आकसतो आणि दाराची बाहेरची रुंदी फारशी बदलत नाही. उभ्या पट्ट्या चार-पाच इंच रुंद, त्यामुळे त्यांचं हलणंही थोडंच. जुन्या नागपुरातल्या महाल-इतवारीतल्या कित्येक वाड्यांची दारं आजही सहज लागतात त्याचं कारण साग जेवढा आहे, तेवढीच ही रचना आहे. उलट, आजकाल फळ्या एकमेकींना चिकटवून सबंध भरीव दार करतात आणि त्यावर नक्षी कोरतात. तसं दार नागपुरात अडकणारच. तुम्हाला नक्षी हवी असेल तर ती दिलह्यावर करा.

दार कोणत्या महिन्यात बसवताय, हेही वाढयाला लक्षात ठेवायला सांगा. मे महिन्यात लाकूड सर्वांत आकसलेलं असतं. तेव्हा कडेला अगदी घट्ट बसवलं तर श्रावणात अडकेल, म्हणून तेव्हा एक सूतभर फट जास्त ठेवायची. ऑगस्टमध्ये बसवताना ते फुगलेलं असतं, तेव्हा कमी फट पुरते. आणि पॉलिश किंवा रंग सहाही बाजूंना लागला पाहिजे. दाराची वरची आणि खालची कड, जी कुणाला दिसत नाही, ती नेहमी कोरी राहते आणि तिथूनच पाणी आत शिरतं. टेबलाच्या खालच्या बाजूचंही तेच: वर तीन हात पॉलिश आणि खाली काही नाही, तर फळी वळणार.

आता जातींकडे येतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेनं भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला 100 धरून बाकीच्यांना गुण देण्याची पद्धत वापरली आहे. ताकद, कडकपणा, आकार टिकवण्याचा गुण असे वेगवेगळे गुण. त्या तक्त्यात सालाचं लाकूड ताकदीत आणि कडकपणात सागाच्या पुढे आहे, पण आकार टिकवण्यात सागाच्या बरंच मागे. ठेकेदार तुम्हाला ‘साल सागापेक्षा मजबूत’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. तो तुमच्या कामाचा नसलेला गुण सांगतोय एवढंच. रेल्वेच्या स्लीपरला, पुलाला, छताच्या तुळईला साल उत्तम. घराच्या दाराच्या पानाला नाही. चौकटीला मात्र साल चालतो, कारण चौकट भिंतीत जखडलेली असते आणि तिच्या पट्ट्या अरुंद असतात. फक्त तो वाळलेला हवा, आणि खिळा ठोकण्याआधी भोक पाडून घ्यायला हवं, नाहीतर तो चिरतो. बालाघाट-मंडल्याकडचा साल आपल्याकडे पूर्वीपासून येतो. ‘मलेशियन साल’ हे मात्र एका झाडाचं नाव नाही. त्या नावाखाली तिकडच्या वेगवेगळ्या जातींचं लाकूड विकलं जातं आणि दोन गाड्यांचा माल वजनात, रंगात, टिकाऊपणात एकसारखा नसतो. म्हणून एका घराचं सगळं चिराण, म्हणजे चिरलेलं लाकूड, एकाच वेळी, एकाच थप्पीतून निवडा. फार हलके आणि फिकट तुकडे बाजूला काढायला लावा.

सागाबद्दल जरा सविस्तर. साग इतका मानला जातो तो नुसत्या ताकदीमुळे नाही. तो कमी हलतो, त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे पाणी आणि उधई दोघांनाही तो दाद देत नाही, आणि वजनाच्या मानानं पुरेसा मजबूत आहे. आपण ज्याला सीपी साग म्हणतो, तो जुन्या मध्य प्रांताचा साग. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. चंद्रपूर, गडचिरोली, बल्लारशा, आलापल्ली हा त्याचा मुलूख. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं आणि अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 मध्ये बल्लारशाच्या आगारातून गेलं. आपल्या दारातला माल देशभर मागितला जातो ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण ग्राहक म्हणून एवढंच लक्षात ठेवा की ‘सीपी’ हा शब्द पावतीवर लिहिला म्हणून प्रत्येक तुकडा चांगला होत नाही.

फरक गाभ्यात आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडात आहे. तेल, टिकाऊपणा, उधईला विरोध हे सगळं गाभ्याचे गुण. सालीलगतचा पिवळट-पांढरा थर, ज्याला वाढई ‘पांढरं’ म्हणतात, त्यात स्टार्च असतो आणि घुण त्याच्यावरच तुटून पडतो. सागाचं पांढरं लाकूड आंब्याच्या लाकडापेक्षा फार वेगळं वागत नाही. आफ्रिका किंवा मध्य अमेरिकेतून येणारा साग बहुतेक लागवडीचा, कमी वयात कापलेला असतो. जात तीच, झाड तेच, पण खोड बारीक असल्यामुळे पांढऱ्याचं प्रमाण जास्त, आणि मधल्या कोवळ्या भागाची फळी पिळवटते. निवडून घेतला तर तो चांगला माल आहे आणि पैशाच्या मानानं परवडतो. न निवडता गाडीभर उचलला तर पश्चात्ताप होतो. दुकानात पांढऱ्यावर रंग मारून तो गाभ्यासारखा दाखवतात, म्हणून फळीचा कोपरा तिथल्या तिथे रंध्यानं एक हात मारून घ्या. ताज्या कापलेल्या सागाला चामड्यासारखा एक वास येतो आणि हाताला मेणासारखा गुळगुळीतपणा लागतो. गाभ्यावर पाण्याचा थेंब काही वेळ तसाच उभा राहतो.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा, कारण लकडगंजात, नागपूरच्या लाकूडबाजारात, तुम्हाला तो हमखास ऐकायला मिळेल: रेषा जितक्या जवळ, तितका साग मजबूत. सागात दरवर्षी वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांचा एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याची रुंदी फारशी बदलत नाही. म्हणून रेषा फार जवळ आल्या की त्याच जागेत छिद्रांचे पट्टे जास्त आणि घट्ट लाकूड कमी, असंही होऊ शकतं. नुसत्या रेषा मोजून भाव देऊ नका. गाभा किती, गाठी किती, रेघ सरळ आहे का आणि ओलावा किती, हे चार प्रश्न रेषांपेक्षा महत्त्वाचे.

ओलाव्यासाठी दोन सुयांचं छोटं मीटर मिळतं. घराचं एवढं काम करताय तर ते विकत घ्या. फर्निचरच्या सागासाठी मी 8 ते 10 टक्क्यांचा आग्रह धरतो, चौकटीला 12 पर्यंत चालवून घेतो. 15 च्या वर दाखवलं तर ते लाकूड कितीही देखणं असो, कामाला घेऊ नये. मोजताना फळीच्या टोकाला मोजू नका, टोक नेहमी आधी वाळतं. एक फूट आत, शक्य झालं तर ताज्या कापलेल्या तोंडावर मोजा. आणि लाकूड साइटवर आणलं की लगेच कापायला घेऊ नका. जिथे ते राहणार आहे त्या घरात, सावलीत, मध्ये गुटके घालून दोन-तीन आठवडे रचून ठेवा. ‘भट्टीत वाळवलंय’ या शब्दावर समाधान मानू नका. भट्टीतून 8 टक्क्यांवर निघालेलं लाकूड पावसाळाभर उघड्या शेडमध्ये पडलं तर ते पुन्हा 15 वर जातं.

बाकीच्या जाती भरभर सांगतो. शिसवी जड, काळसर, फार सुंदर आणि महाग. पलंगाच्या पायांना, हत्त्यांना उत्तम, पण सबंध दाराला गरज नाही. बिजा टिकाऊ आहे, मात्र ओला झाला की पिवळा रंग सोडतो. चुन्याच्या भिंतीजवळ डाग पडतात, म्हणून आधी सील करावा लागतो. ऐन जड आणि मजबूत, पण वाळताना फार चिरतो. अनुभवी माणसाकडून मिळाला तरच घ्या. धावडा अवजारांच्या दांड्यांना आणि बाभूळ वखर-नांगराला वर्षानुवर्षं वापरात आहे, कारण तिथे धक्का सोसायचा असतो. तुमच्या घरात तो प्रश्न नाही. आंबा स्वस्त आणि दिसायला छान, पण घुण आणि बुरशी त्याला पटकन लागतात. बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेला असेल तरच आत आणा, आणि बाहेर कधीच नाही. न्यूझीलंडचा पाइन हलका, सरळ, काम करायला सोपा. पलंगाच्या आतल्या पट्ट्यांना, मुलांच्या शेल्फला ठीक. जमिनीला किंवा ओल्या भिंतीला लागला की उधईचं जेवण.

शिवण मात्र मनापासून सुचवीन, आणि तीही देवघरासाठी. फिकट पिवळसर, हलकी, हत्याराखाली शांत, आणि आकार टिकवण्यात सागाच्या पंगतीला बसणारी. कोरीवकामाला आणि वाद्यांना पूर्वीपासून वापरतात ती याचसाठी. ताकद कमी आहे, पण देवघराला ताकद लागतेच कुठे. गावाकडच्या आरा मशीनवर विचारलंत तर मिळू शकेल. वाळलेली आहे का ते मीटरनं बघा आणि दिव्याच्या जागी वरून पितळेचा किंवा दगडाचा तुकडा बसवा. हळदू मिळाला तर तोही सुरेख, बारीक पोताचा, कोरायला आवडणारा.

आतल्या दारांना भरीव लाकूडच हवं असा हट्ट धरू नका. चांगलं फ्लश डोअर, म्हणजे थर चिकटवून केलेलं सपाट दार, कमी हलतं, कारण त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटलेले असतात. हेच प्लायवूडचं. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली भरीव साग वापरून पैसे घालवण्यापेक्षा आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेलं प्लाय घ्या. त्या प्रतीचा सरस 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. बाथरूमच्या चौकटीला लाकूड नकोच, काळ्या ग्रॅनाइटची चौकट आपल्याकडे सगळे कारागीर बसवतात. पुस्तकांच्या शेल्फला पाऊण इंची प्लाय अडीच फुटांपेक्षा जास्त मोकळं सोडू नका, खाली झोळ येतो.

जुन्या वाड्यांचं लाकूड हा एक पर्याय लोक विसरतात. शहरात वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया आणि खांब विकायला येतात. कित्येक दशकं वाळलेला, मोठ्या झाडाचा, भरपूर गाभ्याचा साग. टेबलासाठी याच्यासारखा माल नवीन बाजारात शोधून सापडत नाही. अडचण एवढीच की आत खिळे असतात आणि आरा मशीनवाले पातं तुटेल म्हणून चिरायला कुरकुर करतात. मेटल डिटेक्टरनं खिळे शोधून, काढून मगच न्या. टोकं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत उधई फिरून गेलेली असते.

तुमच्या घरासाठी मी काय करीन ते एकदा सांगतो, म्हणजे ठेकेदाराशी बोलताना हाताशी राहील. मुख्य दाराची चौकट आणि पान सागाच्या गाभ्याचं, दिलह्यांच्या रचनेचं. आतल्या चौकटी सालाच्या किंवा निवडलेल्या आयात सागाच्या, दारं फ्लश. टेबल जुन्या सागाचं, जमलं तर उभ्या रेघांच्या फळ्यांचं आणि सरकत्या जोडांचं. देवघर शिवणीचं. पलंगाची चौकट सागाची, आतल्या पट्ट्या पाइनच्या. बजेट आखूड असेल तर आधी पलंगातला साग कमी करा. मुख्य दारातला करू नका, कारण ऊन आणि पाऊस दोन्ही त्यालाच लागतं. तुमचं दार पश्चिमेला किंवा दक्षिणेला असेल आणि वर छज्जा नसेल, तर छज्ज्यावर केलेला खर्च महागड्या लाकडावरच्या खर्चापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

चौकटी कधी बसवताय तेही बघा. स्लॅब-भिंतींच्या वेळीच चौकट उभी केली की तराईचं, म्हणजे सिमेंट पक्कं व्हायला मारलेलं, पाणी ती महिनाभर पिते, फुगते, आणि नंतर वाळताना वाकते. भिंतीत जागा सोडून प्लास्टरनंतर होल्डफास्टनं (भिंतीत पक्क्या करायच्या लोखंडी पट्ट्यांनी) बसवायला सांगा. भिंतीला लागणारी मागची बाजू आधी रंगवून किंवा डांबर लावून घ्या आणि चौकटीचे पाय फरशीत गाडू नका. काळ्या मातीच्या प्लॉटवर घराच्या पायामध्ये उधईविरोधी फवारणी झाली नसेल तर ती फरशी बसण्याआधीच होऊ शकते.

हिशोब करताना फसगत होऊ नये म्हणून: घनफूट म्हणजे लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून 144 नं भागायचं. साडेसात फुटांच्या दोन उभ्या आणि साडेचार फुटांची एक आडवी, 5 × 3 इंची पट्टी, म्हणजे मुख्य दाराची चौकट सुमारे 2 घनफूट. भाव ठरवताना ही मापं रंध्याआधीची की नंतरची ते विचारा. दोन इंची फळी रंधल्यावर पावणेदोनची होते आणि भांडण तिथेच होतं.

आता धुऱ्यावरची झाडं. स्वतःच्या शेतातला साग असला तरी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते आणि लाकूड नागपूरला आणायला वाहतुकीचा परवाना, म्हणजे टीपी. सातबारा घेऊन वनखात्याच्या कार्यालयात आधी जा, कुऱ्हाड नंतर. झाडं वापरण्याजोगी आहेत का, हे घेरावर ठरेल. 36 इंच घेराचा, आठ फूट लांबीचा लठ्ठा बाजाराच्या चौथाई घेराच्या पद्धतीनं (घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी) साडेचार घनफूट भरतो. पण सालीखाली दीडेक इंच पांढरं निघालं तर चिरून हातात येणारा गाभा 2 घनफुटांच्या आसपास, म्हणजे एका चौकटीपुरता. घेर 24–30 इंचांचाच असेल तर झाडं उभी राहू द्या. त्यांची किंमत दरवर्षी वाढतेच आहे.

पाडायचीच असतील तर हिवाळ्यात पाडा, लगेच चिरा आणि टोकांना ऑइल पेंट किंवा मेण लावा, नाहीतर नागपूरच्या उन्हात टोकं दोन-दोन फूट फाटत जातात. मग छपराखाली, जमिनीपासून वर, फळ्यांमध्ये एकाच रेषेत गुटके ठेवून थप्पी लावा आणि वर वजन ठेवा. उघड्यावर वाळायला एक इंच जाडीला साधारण एक वर्ष धरतात. आपल्याकडचा उन्हाळा ते काम लवकर करतो, पण फार लवकर वाळणं म्हणजे चिरा, म्हणून थप्पीला मे महिन्यातली लू थेट लागू देऊ नका. तीन इंची चौकट या लाकडातून या दिवाळीपर्यंत होणार नाही. एक इंची फळ्यांचं टेबल पुढच्या दिवाळीपर्यंत होऊ शकेल. झाडांचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजा, सरळ खोड किती फूट आहे ते बघा आणि मुख्य दार कोणत्या दिशेला आहे तेवढं कळवा, म्हणजे चिराणाची यादी तुमच्यासाठी नेमकी करून देता येईल.